घरी कॅम्पिंग ट्रेलर बनवतोय, ॲक्सल नक्की कुठे बसवू? (वेल्डिंगचे तात्पुरते टॅक मारून झालेत, घाई आहे)

सुट्टीचा_सुतार

मंडळी नमस्कार, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, विचारायची पहिलीच वेळ. सात महिने झाले, सुट्टीच्या दिवशी आणि कधीकधी रात्री जेवणं आटोपल्यावर एक छोटा कॅम्पिंग ट्रेलर बनवायचं खूळ डोक्यात घेतलंय. तोच तो थेंबाच्या आकाराचा, आत फक्त झोपायचं आणि मागचं झाकण उचललं की ओटा. पेशाने मी दिवसभर स्क्रीनपुढे बसणारा, सुतारकामाचा अनुभव म्हणजे घरातली दोन शेल्फं, त्यातलं एक तिरकं आहे.

आत्तापर्यंत झालंय ते असं. चासी ५० बाय ५० च्या ३ एमएम बॉक्स पाइपची, वरचा खोका ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब कारण प्लायची शीटच तेवढी येते. दांडी म्हणजे खोक्याच्या पुढच्या भिंतीपासून गाडीमागे ट्रेलर जोडायच्या हिचच्या बॉलपर्यंत ११०० एमएम. दोन्ही कर्ण मोजले, ३ एमएमचा फरक निघाला, तो पोटात घातलाय. चाकं खोक्याच्या बाहेर, ॲक्सल पाट्यांचा (लीफ स्प्रिंगवाला), एका जुन्या मालवाहू ट्रेलरखालून काढलेला. तो मी खोक्याच्या बरोब्बर मधोमध धरलाय, म्हणजे बॉलपासून २३२० एमएमवर, आणि ब्रॅकेटना नुसते टॅक मारलेत. फुल वेल्डिंगला माणूस परवा येतोय.

तर काल शेजारचे काका बघायला आले आणि म्हणाले मध्ये कशाला, थोडा मागे घे. किती मागे विचारलं तर हात हवेत हलवून "असा" म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून झोप नाही.

ओटा मागे असल्यामुळे सामानही मागेच येतंय. ओट्याचं कपाट, शेगडी, भांडी मिळून ४५ किलो, पाण्याची टाकी ४० लिटर, साधी लेड ॲसिड बॅटरी ३० किलो, छोटा फ्रिज भरलेला २५ किलो. गादी-पांघरुणं २० किलो, ती पुढे. भिंती, छप्पर, दारं, इन्सुलेशन धरून खोका १७० पर्यंत जाईल. चासी दांडीसकट ९०, ॲक्सल-चाकं-पाटे ७०. एकूण ४९० किलोचा अंदाज आहे, गाडीला तेवढं ओढायची परवानगी आहे, ते आधीच बघितलंय.

अजून दोन बारीक प्रश्न, छपराच्या सांध्यांना सिलिकॉन मारलं की झालं ना? आणि आत रात्री पाणी सुटतं म्हणतात ते खरं का?


खुट्टी

वेल्डरला आत्ता फोन कर आणि परवाचं रद्द कर. मग खालची उत्तरं वाच.


पाटे_आणि_ग्रीस

खुट्टीने सांगितलंय ते आधी कर, मी गंमत करत नाहीये. तू सगळे आकडे दिलेस हे फार बरं केलंस, नाहीतर लोक "माझा ट्रेलर साधारण असाच आहे" एवढं लिहून उत्तर मागतात. मी हिशोब मांडून बघितला.

सोपं आहे, शाळेतला तराजू. प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले तिचं बॉलपासूनचं अंतर, सगळ्यांची बेरीज, आणि भागिले एकूण वजन. आलेला आकडा म्हणजे तुझ्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य. ॲक्सल आणि चाकं यात धरायची नाहीत कारण ती स्वतःच्याच पायावर उभी आहेत, त्यांचा भार दांडीवर येत नाही. चासीचा मध्य मी बॉलपासून १.९ मीटरवर धरला, खोक्याचा २.३२, गादीचा २.०, कपाट, पाणी आणि फ्रिज ३.२, बॅटरी ३.३ वर. ४२० किलोची बेरीज येते १०५६ आणि गुरुत्वमध्य २.५१ मीटरवर. आता बघ, तुझा ॲक्सल २.३२ वर आहे. म्हणजे ट्रेलरचं वजन ॲक्सलच्या मागे पडतंय आणि दांडी बॉलवर दाबायच्या ऐवजी बॉल वर उचलतेय, तेही थोडंथोडकं नाही, ३५ किलोने. गाडीपासून सोडवलास की हा ट्रेलर ढुंगणावर बसणार.

बसला तर बसला, ते परवडलं, खरी भीती रस्त्यावर आहे. दांडीवर भार पुरेसा नसेल तर ट्रेलर शेपटी मारायला लागतो. वाऱ्याचा झोत आला किंवा बाजूने मोठा ट्रक गेला की जरासं डावीउजवीकडे हलतो, हळू असशील तर ते आपोआप विरतं, पण एका वेगाच्या पुढे विरतच नाही, प्रत्येक झोक्याला वाढत जातं आणि मग गाडीचं मागचं टोक ट्रेलर ठरवतो, तू नाही. तसं कधी झालंच तर करकचून ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंगने झोके पकडत बसायचं नाही, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. एकदा अनुभव घेतलाय, भाड्याने आणलेला सामानाचा ट्रेलर होता आणि घाईत जड पेट्या मागे टाकल्या होत्या, चूक सर्वस्वी माझी. त्यानंतर तराजूचा हा हिशोब मी कधी चुकवला नाही.

दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा असं अमेरिकेकडचे लोक धरतात, युरोपात त्याहून कमी चालवतात. तू १० धर. मात्र त्यासाठी नुसता ॲक्सल मागे ढकलू नकोस, आधी सामान हलव.

बॅटरी मागून काढ आणि दांडीवर छोटी पेटी करून तिच्यात ठेव, बॉलपासून ०.८ मीटरवर. लेड ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते, ती झोपायच्या खोक्याबाहेर असलेली तशीही बरी. टाकी ओट्याखालून काढून फरशीखाली ॲक्सलच्या जरा पुढे घे, २.२ वर. अगदी पुढच्या टोकाला नको, कारण टाकी कधी भरलेली असणार कधी रिकामी, ॲक्सलजवळ असली की दांडीवरचा भार फारसा बदलत नाही.

एवढं केलंस की बेरीज ९४१ वर येते. ॲक्सल आहे तिथेच ठेवलास तर दांडीवर जेमतेम १४ किलो, ते अजून कमीच. म्हणून तो २३० एमएम मागे घे, बॉलपासून २५५० वर. मग टाकी भरलेली असताना दांडीवर ५१ किलो, ४९० च्या १० टक्क्यांच्या जरा वर. टाकी रिकामी असताना ४५, तेही १० टक्केच. पुढच्या भिंतीपासून मोजलं तर हे १४५० एमएम, म्हणजे खोक्याच्या लांबीच्या साधारण ६० टक्क्यांवर, जुने लोक डोळे झाकून सांगतात तिथेच. काकांचा "असा" बहुतेक हाच.

हा भार तुझ्या गाडीच्या हिचला चालतो का ते बघ. ओढायचं वजन वेगळं आणि बॉलवरचा उभा भार वेगळा, गाडीच्या पुस्तकात एक आकडा असतो, हिचच्या पट्टीवर दुसरा, दोन्हीतला लहान तो आपला.


नजरअंदाज

एवढं गणित कशाला राव. मी माझा ॲक्सल नजरेने बसवला, पाच वर्षं फिरतोय, कधी शेपूट हलली नाही. लोक उगाच घाबरवतात नवीन माणसाला.


पाटे_आणि_ग्रीस

नजरअंदाज भाऊ, तुमच्या ट्रेलरचे फोटो मी बघितलेत, तुमचा ओटा पुढच्या भिंतीला आहे आणि बाहेर ओढायचा आहे. सगळं जड सामान दांडीकडे. तुम्हाला ते आपोआप मिळालंय, त्याला मिळणार नाही.


नजरअंदाज

हा ते आहे खरं. पण मग दांडी उचलताना माझी कंबर जाते ती त्याच्यामुळेच होय.


ओली_चादर

ॲक्सलचं पाटे दादांनी सांगितलंय, त्यात मी पडत नाही. तुमच्या त्या दोन "बारीक" प्रश्नांवर बोलते, कारण माझा पहिला ट्रेलर त्या दोन गोष्टींनीच खाल्ला.

सिलिकॉन नको. अगदीच लावायचं तर काचेला लावा. ते लाकडावर आणि अॅल्युमिनियमवर सुरुवातीला छान चिकटतं, मग ट्रेलर रस्त्यावर हलतो, उन्हात तापून फुगतो, रात्री आखडतो आणि एका कडेने केसाएवढं सुटतं. पुन्हा डागडुजी करायला जाल तर जुन्या सिलिकॉनवर नवीन काहीच धरत नाही, रंगसुद्धा नाही. छपरावरच्या पट्ट्या, व्हेंटची चौकट, दिव्यांची बूडं, सगळ्याखाली ब्युटाइल टेप घाला. ती कधी वाळत नाही, च्युइंगमसारखी मऊ राहते, स्क्रू आवळला की कडेने बाहेर येते, दोन दिवसांनी पुन्हा थोडा आवळायचा आणि आलेली कापून टाकायची.

माझ्याकडे काय झालं सांगते. छपराच्या व्हेंटला सोळा स्क्रू, सगळे थेट प्लायमध्ये मारलेले, वरून सिलिकॉनची जाड रेघ, दिसायला एकदम झकास. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आतल्या बाजूने नाण्याएवढा तपकिरी डाग दिसला. डाग पुसला आणि विसरले. चार महिन्यांनी एका स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला तर फिरवावाच लागला नाही, बोटांनी ओढला तसा बाहेर आला, मागोमाग काळं पाणी. तिथलं प्लाय ओल्या पुठ्ठ्यासारखं झालेलं, नखाने थर सुटत होते. वरून काहीच कळत नव्हतं. शेवटी छपराचा पुढचा अर्धा भाग कापून काढला.

आता मी प्रत्येक भोक आधी मोठं पाडते, त्यात इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) भरते, ते कडक झालं की त्याच्यातच बारीक भोक पाडून स्क्रू मारते. स्क्रूच्या बाजूने पाणी उतरलंच तरी लाकडाला लागत नाही. कंटाळवाणं काम आहे, पण छप्पर दुसऱ्यांदा करण्याइतकं नाही. आणि प्लायच्या कापलेल्या कोरा! वरचं तोंड सगळे रंगवतात, कोर विसरतात, आणि प्लाय पाणी पितं ते कोरेतूनच. कोरांना इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या, पहिला हात तर बघता बघता जिरतो. फरशीची खालची बाजू खोका चासीवर चढवायच्या आधी डांबरी कोटिंगने रंगवा, नंतर उताणं झोपून रंगवायला लागतं आणि अर्धं तोंडावर पडतं.

दुसरं, रात्री पाणी सुटणं. खरं आहे. दोन माणसं रात्रभर श्वासातून आणि अंगातून मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. २० डिग्रीला एक घनमीटर हवा जेमतेम १७ ग्रॅम वाफ धरून ठेवते. तुमचा खोका फार तर साडेतीन घनमीटरचा, म्हणजे झाला ६० ग्रॅम. बाकीचं जाणार कुठे? सगळ्यात गार जागा शोधतं, खिडकीची काच, दाराची अॅल्युमिनियमची चौकट, उघडे स्क्रू, आणि गादीचं पोट. गादीचं कुणाच्या लक्षात येत नाही. आम्ही तिसऱ्या सकाळी गादी उचलली तर खालची फरशी चक्क ओली, आधी वाटलं टाकी फुटली. गादीखाली पट्ट्या ठोका, खालून हवा फिरली पाहिजे. छपराला व्हेंट आणि खाली कुठेतरी हवा आत यायला जाळी, दोन्ही पाहिजेत, नुसत्या वरच्या भोकाने काही होत नाही. थंडीतसुद्धा बंद करायचं नाही.

ती खालची जाळी अजून एका गोष्टीसाठी. गॅस सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर फरशीवर साचतो. शेगडी फक्त मागच्या झाकणाखाली, बाहेर उभं राहून. आत उब येते म्हणून पेटवायची नाही म्हणजे नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म बसवा, झोपायच्या उंचीवर.


खुट्टी

ओली_चादर ताई, नाव आत्ता कळलं.


ओली_चादर

हो, तिसऱ्या सकाळीच ठेवलं.


सुट्टीचा_सुतार

वेल्डरला फोन केला, तो म्हणाला मला वाटलंच होतं. सगळ्यांचे मनापासून आभार, हिशोब स्वतः कागदावर मांडून बघितला आणि तुमचाच आकडा आला, ३५ किलो उलट. हे कळल्यावर दोन तास काही सुचलं नाही. टॅक ग्राइंडरने उडवलेत.

बॅटरी पुढे घेतली तर फ्रिज आणि पंख्याची वायर पुढून मागे न्यावी लागेल, चार मीटर होते. साधी घरातली १.५ ची वायर आहे माझ्याकडे, चालेल का? आणि पाटे जुन्या ट्रेलरचे आहेत ते चालतील ना, दणकट दिसतात.


पाटे_आणि_ग्रीस

नाही चालणार. १२ व्होल्टवर फ्रिज ५ अँपिअर खेचतो असं धर, जायची यायची मिळून आठ मीटर वायर, १.५ स्क्वेअर एमएमची टाकलीस तर जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच संपतो. बॅटरी थोडी उतरली की फ्रिज म्हणणार व्होल्टेज कमी आणि मध्यरात्री बंद पडणार, आणि तू फ्रिजला शिव्या घालणार. ६ ची टाक, मग ०.१२ व्होल्टवर भागतं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. फ्यूज वायर वाचवायला असतो, फ्रिज वाचवायला नाही, म्हणून तो वायरच्या सुरुवातीला.

मागच्या दिव्यांची अर्थिंगची वायरही वेगळी ओढ. चासीतून आणि बॉलमधून अर्थ मिळतो असं बरेच जण करतात, ग्रीस लागलं आणि गंज चढला की इंडिकेटर दिला तर ब्रेकचा दिवा लुकलुकतो.

आणि दणकट पाटे हीच तर पंचाईत आहे. ते किती वजनाचे आहेत बघ. दीड टनाचे पाटे अर्ध्या टनाच्या ट्रेलरखाली वाकतच नाहीत, खड्ड्यात ट्रेलर चेंडूसारखा उडतो, आतली कपाटं खिळखिळी होतात आणि ओली_चादर ताईंच्या सगळ्या सांध्यांना फटी पडतात. तुझ्या वजनाच्या जवळपासचे नवीन घे, एखादा पाटा स्वतःच काढून टाकायचा उद्योग करू नकोस. बेअरिंग तर बदलच, जुनी कितीही गुळगुळीत फिरली तरी, आणि ग्रीस हाताने दाबून आतपर्यंत भर.

एक राहिलं, ॲक्सल वेल्ड करायच्या आधी बॉलच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत स्टीलच्या टेपने मोज, दोन्ही सारखं आलं पाहिजे. चासीच्या कर्णातला तुझा तो ३ एमएम मी सोडून देईन, पण इथला नाही. ॲक्सल तिरका बसला तर ट्रेलर कुत्र्यासारखा तिरपा चालतो आणि टायर एका बाजूने साफ होतात.


सुट्टीचा_सुतार

पाच आठवड्यांनी हजर. मध्ये ऑफिसचं काम आणि मुलीची परीक्षा, दोन सुट्ट्या अशाच गेल्या.

झालेलं सांगतो. ॲक्सल २५५० वर, पाटे नवीन, बेअरिंग नवीन. बॉलपासूनचं मोजलं तर पहिल्यांदा डावीकडे ७ एमएम जास्त निघालं, माझ्या टॅकमध्ये तेवढा होता, मी तर डोळ्याने गुण्या लावून खूश होतो. आता १ एमएमच्या आत आहे. खोका अजून चढला नाही म्हणून वाळूच्या पिशव्या मोजून जिथल्या तिथे ठेवल्या, पाण्याच्या जागी पाण्याचेच कॅन, चाकांना पुढेमागे उटी लावली आणि दांडीच्या टोकाखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवून त्याच्यावर लाकडाचा ठोकळा. ठोकळा दोनदा कापायला लागला, कारण दांडी गाडीच्या बॉलच्या उंचीला आणि ट्रेलर पाणसळीत पाहिजे, तिरका असला की काटा भलतंच दाखवतो. आकडा आला ४८ किलो! हिशोबात ५१ होता. बायकोला हाक मारून दाखवला, तिला फक्त तिचा वजनकाटा गॅरेजमध्ये काय करतोय एवढंच दिसलं.

ॲक्सल मागे गेल्याचा एक फायदा आधी कुणी बोललं नव्हतं, चाकाचं मडगार्ड मागे सरकल्यामुळे दाराच्या खालच्या कोपऱ्यातला मोठा घास वाचला, दार आता जवळजवळ पूर्ण आयत येतंय.


पाटे_आणि_ग्रीस

४८ म्हणजे उत्तम. वाळूवर विश्वास ठेवून थांबू नकोस मात्र, खोका पूर्ण झाला की पुन्हा मोज, प्लाय, गोंद आणि रंग नेहमी अंदाजापेक्षा जड निघतात. पहिल्यांदा रस्त्यावर काढलास की वीस-तीस किलोमीटरवर थांबून हबला हात लाव, कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय. ५० ते १०० किलोमीटरच्या आत चाकांचे नट पुन्हा आवळ, नवीन चाकाचे ढिले होतातच. सेफ्टीच्या साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन अडकव, हिच निसटलाच तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात खुपसत नाही.


खुट्टी

काकांना सांगितलंस का २३० एमएम?


सुट्टीचा_सुतार

सांगितलं. म्हणाले, "मी तेच तर सांगत होतो." आणि हात तस्साच हलवून दाखवला.

पुढच्या सुट्टीला बाजूच्या भिंतीत दारं कापायची आहेत, जिगसॉने. हात थरथरतोय आत्तापासून.


ओली_चादर

पाते नवीन लावा आणि कोपरे गोल ठेवा, काटकोनात कापलेल्या कोपऱ्यातून प्लाय पुढे चिरत जातं. करवत घुसवायला कोपऱ्यात मोठं भोक पाडू नका, बिजागरीच्या बाजूच्या सरळ रेषेवर बारीक पाडा, ते बिजागरीखाली झाकलं जातं. आणि कापलेला तुकडा जपून ठेवा, तेच तुमचं दार.